दोराला हात लावणाऱ्याचा वाटा

सुट्टीत काय काय करायचं याची यादी तुम्ही काढता, तेव्हा दुसऱ्याचं पोट भरायचं कामही त्या यादीत मजा म्हणून धरता का? चिडू नका. अशी यादी मी स्वतः लिहिली आहे, आणि ती वाचून आलेल्यांवर राग काढायचा मला फारसा अधिकार नाही.

आमच्या घरी गोष्टींची पुस्तकं नव्हती. पत्रकं होती. बांद्याला वडिलांचं पायाने चालवायचं छोटं छपाईयंत्र होतं. लग्नपत्रिकांवर घर चालायचं आणि पत्रकांवर वडील चालायचे. धरणग्रस्तांची पत्रकं, काजू कारखान्यातल्या बायकांची, एसटीचे थांबे रद्द झाल्याची. बाराखडी मी त्यांच्यावरच गिरवली. ‘बंधू-भगिनींनो’ हा माझ्या आयुष्यातला पहिला जोडशब्द. वडील म्हणायचे, पत्रकात एकच गोष्ट हवी, वाचणाऱ्याने उठून काय करायचं ती. बाकी सगळी शाई.

ते गेल्यावर यंत्र भंगारात गेलं आणि मी मालवणात एका डीटीपीच्या दुकानात कामाला लागले. दिवसभर लोकांच्या वाढदिवसांची आणि बारशांची निमंत्रणं जुळवायची, आणि संध्याकाळी किनाऱ्यालगतच्या वाडीत एका निवृत्त शिक्षिकेच्या घरामागच्या खोलीत परतायचं. त्या ख्रिश्चन. सगळी वाडी त्यांना टीचर म्हणायची, मीही म्हणू लागले. पुढच्या दोन खोल्या त्या पर्यटकांना द्यायच्या. माझ्या खोलीला दार समुद्राच्या बाजूने होतं, पण तिथून समुद्र दिसत नव्हता, नुसता ऐकू यायचा. मला भेटायला कुणी येत नसे. रविवारी दुपारी तर स्वतःचा आवाज ऐकावा म्हणून मी जुनी पत्रकं मोठ्याने वाचायचे.

टीचरचा मुलगा बोटीवर होता, प्रवासी जहाजावर स्वयंपाकघरात. पत्रं कमी लिहायचा, पण ज्या बंदराला लागेल तिथलं काहीतरी पाकिटात घालून पाठवायचा. एकदा पॅसिफिकमधल्या कुठल्याशा बेटावरचं गुळगुळीत रंगीत पत्रक आलं. वर निळंशार पाणी, माड, वाळू. खाली मथळा, आमच्या बेटावर करण्यासारख्या दहा गोष्टी. टीचर ते घेऊन माझ्या दारात आल्या.

“बघ गो. ह्यात आपल्याकडे नाही असं काय आहे? माड आहेत, वाळू आहे, पाणी आहे. आमच्याकडे माणसं येतात, किल्ला बघतात, भाकरी-मासे खातात आणि दुसऱ्या दिवशी गोव्याक पळतात. असंच एक आपल्यासाठी कर. तुका लिवक येता मगे?”

मी ते पत्रक रात्रीच्या जेवणाशेजारी ठेवून वाचलं. तळ काचेचा असलेल्या होडीतून पोवळी बघा. नळी तोंडात धरून माशांमध्ये पोहा. गळ्यात फुलांचा हार घालून घ्या. झावळ्यांची चटई विणायला शिका. जमिनीत खड्डा करून भाजलेलं जेवण जेवा. ढोलावरचा नाच पाहा. गावकऱ्यांबरोबर जाळं ओढा. दहावी गोष्ट होती, काहीही करू नका. प्रत्येक चित्रात दोन माणसं होती. एकटं माणूस एकाही चित्रात नव्हतं.

वडिलांची शिकवण अशी की स्वतः तपासल्याशिवाय एक ओळ छापायची नाही. म्हणून मी ठरवलं, आपल्या किनाऱ्यावर यातलं जे जे जमतं ते आधी स्वतः करायचं. हातात वही घेऊन, सुट्टीचे दिवस साधून, मी एकटी पर्यटक झाले.

जेटीवर होडीवाल्याने मला बघताच पुस्तकी मराठी काढली. “मॅडम, एकट्याच? मिस्टर मागून येतायत?”

“मिस्टर नाय. माका किल्ल्यार जावचा आसा.”

“अगो, हयचीच मगे तू! मग बस वायच. सीटा भरल्याशिवाय होडी सुटाची नाय.”

मी पाऊण तास बसले. मग पुण्याकडचं एक मोठं कुटुंब आलं आणि त्यांच्या पिशव्यांमध्ये मी बसले. किल्ल्यामागे स्नॉर्कलिंग नुकतंच सुरू झालं होतं. काच डोळ्यांना लावून मी पाण्यात तोंड घातलं तेव्हा पट्ट्यापट्ट्यांचे मासे अगदी गालाजवळून गेले. वर येऊन “बघितलंत?” असं म्हणायला मान वळवली, तर रिंग धरलेला माणूस किनाऱ्याकडे बघत जांभई देत होता. मी परत खाली तोंड घातलं. सुरंगीच्या दिवसांत बाजारात बसणाऱ्या बाईकडून मी वळेसर, म्हणजे त्या फुलांचा गजरा, घेतला. तिने विचारलं, “तुझ्या केसांत घालू की नेतलंस?” मी म्हटलं नेते. तो खोलीत खिळ्याला अडकवला. चार दिवस खोलीला कुणीतरी येऊन गेल्यासारखा वास होता. पिंगुळीला जाऊन बाहुल्यांचा खेळ बघितला. त्या दिवशी तो एका शाळेच्या सहलीसाठी होता आणि मी मागे बाकावर मुलांच्या चपला सांभाळत बसले. हे सगळं मी वहीत लिहिलं, फक्त चपलांचं सोडून.

जाळ्याचा मुद्दा तपासायला मला कुठे जावं लागलं नाही. तो शेजारीच राहत होता.

टीचरच्या कुंपणापलीकडे एक काकी एकटी राहायची. नवरा समुद्रात गेलेला, मुलगा गोव्यात हॉटेलात, मुलगी देवगडला दिलेली. पूर्वी ती डोक्यावर टोपली घेऊन मासे विकायची. गुडघा धरल्यावर बाजार सुटला. मग तिचं सगळं रापणीवर होतं. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडी ते घेऊन पाण्यात मोठा फेर मारते, दोन्ही टोकांचे दोर वाळूवर येतात आणि पन्नास-साठ माणसं दोन रांगांनी दोन-तीन तास ते ओढतात. काकीने माझी वही बघितली होती.

“काय लिवत बसलंस गो चेडवा सारख्या सारख्या? हात मोकळे आसत मां? मग चल, लाव दोराक.”

सकाळचे सात वाजले असतील. ओला दोर माझ्या मनगटाएवढा जाड होता. काकीने मला स्वतःपुढे उभं केलं आणि पाय वाळूत कसे रोवायचे ते दाखवलं. लगेच पुढचा एक जण ओरडला, “काकी, ह्या पाखरू खंयसून हाडलंस?”

“टीचरकडे ऱ्हवता. लिवता.”

“लिवता तर लिवंदे, दोर कशाक धरल्यान?”

“भूक लागली आसतली!” मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळी रांग हसली. मीही हसले. खूप दिवसांनी माझ्यावर कुणी हसत होतं आणि ते मला आवडत होतं.

जाळं वर आलं तेव्हा आत चांदीसारखे पेडवे आणि तारल्या उसळत होत्या. ढीग झाले. होडीचा, जाळ्याचा, ओढणाऱ्यांचा. तांडेल, म्हणजे रापणीचा म्होरक्या, ओंजळीने वाटत पुढे येत होता. माझ्यासमोर थांबला.

“हात पुढे कर गो.”

“मी तासभरच ओढला. तळहात सोलले म्हणून मध्ये सोडला.”

“ओढलंस तां ओढलंस. माशाक घड्याळ कळता काय? दोराक हात लायल्यान तेका वाटो.”

त्याने माझ्या ओढणीत तारल्या ओतल्या. रस्त्याने जाणारा एक म्हातारा शेवटची दहा मिनिटं दोराला टेकून उभा राहिला होता, त्यालाही दिल्या. एका वेडसर बाईला दिल्या. कोण कुठला, कुणाचा, किती ओढलंस, काही नाही. काकीने टोपली भरली, त्यातले निम्मे वाटेतल्या दोन दारांवर विकले आणि उरलेल्यांचं तिखलं केलं. त्या दिवशी तिने मला जेवायला बसवलं. पुढे आठवड्यातून दोन-तीनदा तरी मी दोर ओढायचे आणि ती मला जेवायला बसवत राहिली. मालवणात आल्यापासून दुसऱ्याच्या ताटासमोर मी पहिल्यांदा जेवले.

जेवताना मला रडू आलं आणि काकीला वाटलं तिखट लागलं. खरं कारण असं की ज्यासाठी माझ्या वडिलांनी आयुष्यभर छपाईचे खिळे जुळवले, ते इथे वाळूवर नुसतं घडत होतं. पत्रक नाही, सभा नाही, घोषणा नाही. श्रम केलास, घे. थोडा केलास, तरी घे. मला वाटलं, हे जगाला ओरडून सांगितलं पाहिजे. आणि ओरडायची एकच रीत मला येत होती.

टीचरच्या पत्रकात सातवा मुद्दा मी असा लिहिला: ‘रापण ओढा. इथे मालक कोण आणि मजूर कोण असं कुणी विचारत नाही. तुम्ही कुठूनही आलेले असा, दोराला हात लावा. जो हात लावतो त्याला वाटा मिळतो. तो उपकार नाही, तुमचा हक्क आहे.’

‘हक्क’ मी ठळक टाइपात घेतला. बाकीच्या नऊ मुद्द्यांना असं काही केलं नव्हतं. टीचरनी वाचून मान डोलावली, शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या. काकीला वाचता येत नव्हतं. तिला मी ते वाचून दाखवलं नाही. का, याचं उत्तर मी स्वतःला बऱ्याच वेळा विचारलं आहे. खरं सांगायचं तर सुचलंच नाही. ज्यांच्याविषयी लिहिते त्यांच्या बाजूने लिहिते आहे एवढं मला पुरेसं वाटलं.

पत्रक चाललं. टीचरच्या खोल्या भरू लागल्या. मग बाजूच्या घरवाल्यांनी त्याच्या झेरॉक्स काढल्या, वरचं नाव झाकून आपलं टाकलं. जेटीवर, एसटी स्टँडच्या चहाच्या टपरीवर, सगळीकडे माझे दहा मुद्दे चिकटलेले. त्यावर माझं नाव कुठेच नव्हतं, आणि नसण्याचा मला गर्व होता. पत्रक कुणाच्या नावाचं नसतं असं वडील म्हणत.

नाताळच्या सुट्टीत रापणीवर पाहुण्यांची रांग लागली. सुरुवातीला गंमत झाली. कुणी बूट घालून ओढायचा, कुणी एका हाताने ओढून दुसऱ्या हाताने फोटो. तांडेल हसायचा, चार-पाच बांगडे हातात द्यायचा. पण पाहुणे तीसवर गेले तेव्हा ढिगाची उंची दिसू लागली. पाहुणे मधे घुसल्याने काकीसारख्या, दोराच्या शेपटाला उभ्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना दोरावर जागाच मिळेना. आणि शेवटी वाटपाच्या वेळी प्लॅस्टिकच्या पिशव्या पुढे यायच्या.

त्यातल्या एका सकाळी मी तिथेच होते. चांगला शिकलेला, चांगला बोलणारा एक गृहस्थ पिशवी धरून उभा होता. बायको-मुलं मागे. तांडेलाने त्याला ओलांडून पुढच्याला दिलं.

“अहो, आम्ही चौघांनी ओढलंय. चार वाटे होतात.”

“टीचरकडे ऱ्हवतास मां तुमी? थंय आमचेच माशे शिजतत. जावा, जेवा.”

“आम्ही मासे खातच नाही. व्हेज आहोत.”

रांगेत हशा पिकला. “मग माशे कशाक व्हये? पूजेक लावतलास?”

“तो प्रश्न नाही,” गृहस्थाने खिशातून पत्रक काढलं आणि बोट ठेवलं. “इथे स्पष्ट लिहिलंय. हक्क आहे. हा तत्त्वाचा प्रश्न आहे.”

तांडेलाने त्या कागदाकडे बघितलं. मग त्याने चार वाटे पिशवीत टाकले. नंतर ती पिशवी टीचरच्या फाटकाजवळ मांजरांना मिळाली, ते मी पाहिलं. त्या दिवशी काकीची टोपली तळाला ओली झाली, एवढंच.

आठ दिवसांनी रापणवाल्यांची बैठक झाली. ठरलं असं, की ज्या घरांची नावं रापणीत आहेत, ज्यांचा माणूस जाळं विणायला, होडी ढकलायला वर्षभर येतो, त्यांनीच दोराला हात लावायचा. बाकी कुणी नाही. पाहुणा नाही, वाटसरू नाही. वाटा नावाला. काकीच्या घरात पुरुष माणूस नव्हता. तिचं नाव कुठे असणार? तिच्याकडे नुसते दोन हात होते आणि इतकी वर्षं तेवढे पुरत होते.

सोमवारी ती नेहमीसारखी खाली गेली. मी कुंपणाशी दात घासत होते, तिथून खालची वाळू दिसायची. ती दोराजवळ पोचली, तांडेल तिच्याशी काहीतरी बोलला, त्याने मान खाली घातली होती. ती रिकामी टोपली उपडी करून तिच्यावर बसली आणि रापण पूर्ण वर येईपर्यंत बसून राहिली. मग उठून घरी आली. माझ्याकडे बघून म्हणाली, “आज माशे नाय गो.” जाळं भरून आलं होतं हे आम्ही दोघींनीही पाहिलं होतं.

मी तांडेलाकडे गेले. तोंडात सगळं भाषण तयार होतं. विधवा, म्हातारी, निराधार, परंपरा, अन्याय. तो अंगणात जाळ्याची फाटलेली बाजू सांधत होता. त्याने मला अर्ध्यावर थांबवलं.

“काकीक दिलंय आणि त्या बूटवाल्याक नाय म्हटलंय, तर तो कागद काडता. काय सांगू तेका?”

“सांगा, की ती गरीब आहे.”

“मगे ती भीक झाली. ती घेतली काय? तू विचार तिका.” त्याने सुई दोऱ्यातून ओढली. “आजपावत हक्क म्हणान कोणी मागल्यानच नाय गो. येय, ओढी, हात पुढे करी. आमी देव. मागल्यार मग मोजूक लागता.”

“मी लिहिलं ते खोटं होतं का?”

“खोटा नाय. खरा लिवलंस, म्हणान तर पंचाईत. खोटा आसता तर फाडून टाकलंय नसतंय?”

मी संध्याकाळी काकीला सगळं सांगितलं. पत्रक कुणी लिहिलं हेही. तिला ते माहीत होतं, वाडीत सगळ्यांना माहीत होतं. मीच एकटी ते निनावी समजत होते. ती चुलीपुढे बसून राहिली.

“माका वाचून दाखवक होया होता मगे,” ती म्हणाली. “मी सांगलंय असतंय. असला कोणी लिवता?”

“तांडेल म्हणतो तुझं नाव यादीत घालू. सगळ्यांना विचारून.”

“नको. दोर ओढूचे हात नाय ऱ्हवले म्हणान घातल्यानी, असा व्हतला. तेच्यापेक्षा देवगड बरा.”

देवगडला तिच्या लेकीच्या घराशेजारी आंब्याच्या पेट्या भरायचं काम होतं. बसून करायचं. ती शिमग्याआधी गेली. जाताना टोपली नेली नाही, आंब्याला ती कशाला लागणार. तिने निरोप घेताना माझ्या तळहाताला हात लावून बघितला. “घट्टे गेले मगे,” म्हणाली. तिला राग आलेला असता तर मला बरं वाटलं असतं. माझ्यावर ओरडणारं माणूस निदान समोर तरी उभं असतं.

मी नवीन पत्रक केलं. सातवा मुद्दा काढला आणि नऊच गोष्टी ठेवल्या. पण झेरॉक्सना कोण सांगणार? जुनंच फिरत राहिलं. कुंपणापलीकडचं घर बंद झालं, त्याच्या ओट्यावर झावळ्या पडून राहिल्या. रविवारी मी पत्रकं मोठ्याने वाचणं सोडलं. तारल्या बाजारात मिळायच्या, पण एका माणसासाठी तारल्या कुणी रांधत नाही. चार तारल्या चिरायला घ्यायच्या आणि त्यांच्यापुढे आपण एकटंच बसायचं, हे मला जमलं नाही. मी पोळी आणि लोणचं खाऊ लागले. टीचर विचारायच्या, “मासे सोडलेस काय गो?” मी हो म्हणायचे.

रापण अजून ओढली जाते. नावं असलेले ओढतात, चोख ओढतात, वाटे सारखे पडतात. त्यात काहीही चूक काढता येणार नाही. दोराच्या शेपटाला मात्र कुणी उभं राहत नाही.

वडिलांच्या नियमाने आता एकच गोष्ट सांगायची उरली. या किनाऱ्यावर, वेंगुर्ल्यापासून देवगडपर्यंत, काही वाड्यांमध्ये अजून नावं लिहिलेली नाहीत. तिथे तुम्ही सुट्टीला जाल, सकाळी वाळूवर जाळं ओढताना बघाल, आणि कुणीतरी हसून तुम्हाला म्हणेल, येवा, लावा हात. तेव्हा हात लावा, मनापासून ओढा, पण दोराच्या शेवटी उभं असलेल्या म्हाताऱ्या माणसाची जागा घेऊ नका. आणि जाळं पाण्याबाहेर येण्याआधी, वाटे पडायच्या आधी, दोर खाली ठेवा, तांडेलाला सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा, “आमका वाटो नको,” आणि तिथून निघून जा.